मर्दुमकीची पैसेवारी

मांजरसुंब्याच्या अलीकडच्या एका गावात (गावाचं नाव देता येत नाही, प्रकरण शासनदरबारी प्रलंबित आहे) माजी सरपंच सुंदरराव यांनी सलग तेवीस दिवस कुणालाही शिवी दिली नाही. ही बाब प्रथम त्यांच्या पत्नी गीताबाई यांच्या लक्षात आली, मग गावाच्या आणि सर्वांत शेवटी खुद्द सुंदररावांच्या.

सुंदरराव छप्पन्न वर्षांचे. वीस वर्षं त्यांनी गावाचा कारभार निव्वळ आवाजावर चालवला. नळाची मोटर बंद पडली की ते वायरमनला फोन लावत आणि फोन ठेवायच्या आत मोटर चालू होई. त्याच माणसावर परवाच्या ग्रामसभेत त्यांच्या भावकीतल्या आणि म्हणूनच विरोधी पक्षातल्या अंगदरावांनी गटारीच्या कामावरून तोंडसुख घेतलं, तेव्हा सुंदरराव "आसंल बाबा" म्हणाले आणि जांभई देऊन भिंतीला टेकले. सभा हादरली. अंगदराव तर इतके गोंधळले की त्यांनी आरोप मागे घेतला.

"अवो, तुमाला झालंय तरी काय?" गीताबाईंनी विचारलं.

"काय न्हाई. अंगात दमच न्हाई. उठलं की बसावं वाटतंय, बसलं की निजावं."

"भांडा की जरा कुणाशी तरी. शेजारचे इचारायलेत, आबा गावाला गेलेत का म्हणून."

शेवटी सुंदरराव बीडला डॉ. प्रियदर्शनी यांच्याकडे गेले. तिथे गेल्यावर डॉक्टर बाई आहेत हे कळलं आणि त्यांनी, अशा वेळी कोणताही पुरुष सांगतो तेच सांगितलं. त्रास आपल्याला नाही, एका मित्राला आहे.

"मित्राला आणा," बाई म्हणाल्या.

"त्यो येत न्हाई. लाजतोय."

"मग मित्राला सांगा, पुरुषांचं हार्मोन असतं, टेस्टोस्टेरॉन. वयानं, वजनानं, साखरेनं, अपुऱ्या झोपेनं कमी होतं. दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त तपासायचं, दोन्ही वेळा सकाळी दहाच्या आत. दोन्ही अहवाल कमी आले आणि त्रासही असेल, तरच औषध. अंगाला लावायचं जेल असतं, इंजेक्शन असतं. पण ते सुरू केलं की रक्त घट्ट होतंय का, प्रोस्टेट ठीक आहे का, हे बघत राहावं लागतं. आणि मित्राला सांगा, ढाब्यावरचं शिलाजीत बंद करा."

सुंदररावांनी खिशातली पुडी खिशातच दाबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते रक्ताच्या प्रयोगशाळेत हजर झाले. तिथला सत्यम हा तंत्रज्ञ नाव लिहून घेत होता. आता इथे स्वतःचं नाव सांगणं म्हणजे संध्याकाळपर्यंत ते अंबाजोगाईला पोचणं. सुंदररावांनी क्षणभर विचार केला आणि वीस वर्षांच्या राजकीय अनुभवाला स्मरून सांगितलं, "लिवा. अंगदराव."

सत्यमने मान वर केली. "कोणते? ह्या महिन्यात हे चौथे अंगदराव हायत."

अहवाल आला एकशे अठ्ठ्याऐंशी. तीनशेच्या खाली म्हणजे कमी. पुढच्या आठवड्यात दुसरा आला एकशे एक्क्याण्णव. तोही अंगदरावांच्याच नावे. सुंदरराव दोन्ही कागद घेऊन बाईंकडे गेले. बाईंनी स्वच्छ सांगितलं की औषध अंगदरावांना देता येईल, सुंदररावांना नाही.

तोवर शासनाने मधे पडायचं ठरवलं होतं.

झालं असं की जिल्ह्यातल्या सगळ्या प्रयोगशाळांचे आकडे वर गेले आणि वर कुणीतरी ते चुकून वाचले. त्यातून 'पुरुष उभारी पुनर्बहाली अभियान' जन्माला आलं. पात्र लाभार्थ्याला सहा महिने जेल मोफत, आणि मनाला उभारी यावी म्हणून कृषिपंपाच्या जोडणीत प्राधान्य. गैरवापर नको म्हणून औषध दुकानांतलं सगळं जेल शासनाने ताब्यात घेतलं. आता जेल फक्त यादीतल्या माणसाला. गाव पात्र ठरवायची पद्धत जुनीच, दुष्काळाची. पिकाची पैसेवारी पन्नासच्या आत आली की दुष्काळ जाहीर होतो, तशीच गावातल्या पुरुषांची पैसेवारी पन्नासच्या आत यायला हवी.

परिपत्रक आलं त्याच दिवशी जिल्ह्यातली लाज संपली. काल तोंडाला रुमाल बांधून रक्त देणारे आज रुमाल सोडून रांगेत उभे राहिले. विशीतले पैलवान जोर मारायचे थांबले. प्रत्येक गाव शेजारच्या गावापेक्षा आपण किती खचलेलो आहोत हे शपथेवर सांगू लागलं. आणि बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला. त्यावर गॉगल लावलेले अंगदराव, हात जोडलेले, मागे वाघ, आणि मजकूर असा: 'आमचे प्रेरणास्थान मा. अंगदराव यांची अल्प-हार्मोन लाभार्थी यादीत गावातून प्रथम क्रमांकाने निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त मित्रमंडळ.'

"त्ये माझं रगत हाय!" सुंदरराव फ्लेक्सखाली उभे राहून म्हणाले. पण म्हणाले हळूच. मोठ्याने म्हणायला अंगात हार्मोन लागतं.

ते तडक सत्यमकडे गेले. "लिव माझं नाव. खरं नाव. सुंदरराव."

सत्यमने संगणकावर बोट फिरवलं. "आबा, तुमच्या नावचे सात अहवाल आधीच हायत."

"मी तर एकदाबी तपासलं न्हाई!"

"गावातल्या सात जनांनी तुमचं नाव सांगितलं आसंल. मोठ्या माणसाचंच सांगत्यात. आता समदे एकाच फाईलीत गेलेत आन सरासरी निघाली पाचशे चाळीस. त्यातली दोन-तीन तालमीतली पोरं आसावीत. सरकारी हिशोबात तुमी ठणठणीत, आबा. एकदा ठणठणीत निघालं की वरीसभर तपासणी न्हाई."

"आरं पर मी जितं मढं झालोय बे!"

"त्याला पंचनामा लागंल," सत्यम म्हणाला.

पंचनाम्याला तलाठी गहिनीनाथ आले. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण त्याने पंचनाम्यात फरक पडत नाही. गहिनीनाथांनी चावडीसमोर खुर्ची टाकली, सुंदररावांना तीत बसवलं, अंगदरावांसह चार पंच उभे केले आणि पिशवीतून फॉर्म काढला. नवे फॉर्म छापून आले नव्हते, म्हणून पीकनुकसानीचाच आणला होता.

"पिकाचं नाव, सुंदरराव," ते लिहू लागले. "पेरणीचा दिनांक?"

"एक जून," गीताबाई म्हणाल्या. "शाळेतला."

"जिरायत का बागायत?"

गहिनीनाथांनी सुंदररावांकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि जिरायत लिहिलं.

"बाई, आता तुमचा जबाब. मागच्या पाच वर्षांच्या सरासरी उत्पन्नाच्या मानानं यंदा किती घट?"

गीताबाईंनी पदर तोंडाला लावला. "पाच वर्सं मागं कशापायी जाताव? सरासरीच लई कमी हुती. मी आजवर बोलले न्हाई."

पंचांपैकी दोघे खोकत बाजूला गेले. सुंदररावांनी मान खाली घातली, पण चिडले नाहीत. 'जबाबाने पीक विचलित झालं नाही', अशी नोंद झाली.

"आता शेवटची चाचणी," गहिनीनाथ म्हणाले. "अंगदराव, तुम्ही पंच. यांना राग आणा."

अंगदराव आनंदाने पुढे झाले. "काय सुंदर, तुझ्या गटारीचं पाणी वर चढतंय म्हणं डोंगराला?"

"चढू दे."

"तुझा भाषणाचा आवाज म्हंजी गाढवाला पडसं."

"आसंल."

"तुझ्या बापानं माझ्या आज्याचा बांध कोरला!"

सगळी चावडी दोन पावलं मागे सरकली. या वाक्यावर या गावात तीन पिढ्या डोकी फुटली आहेत. सुंदररावांनी डोळे किलकिले केले आणि म्हणाले, "कोरला आसंल. मोजून घी."

गहिनीनाथांनी पेन टेकवलं. 'बाधा तेहतीस टक्क्यांपेक्षा जास्त.'

आता फक्त तालुक्याला अंतिम पडताळणी राहिली. तिथे मात्र नवीनच अडचण निघाली होती. पहिल्याच दिवशी अशक्त लाभार्थ्यांनी रांगेत नंबरावरून एकमेकांची डोकी फोडली. त्यावर दुरुस्ती परिपत्रक निघालं की जो आवाज चढवील त्याच्यात हार्मोन पुरेसं आहे असं समजून त्याला जागेवर अपात्र करावं. तेव्हापासून तालुक्याच्या कचेरीसमोर इतकी शांत रांग लागू लागली की लोक ती बघायला येत. ज्याचा पाय तुडवला जाई तोच माफी मागे. दुपारी दोन तास जेवायला गेलेला साहेब परत आल्यावर लोक त्याला विचारत, पोटभर झालं का?

सुंदररावांच्या दिवशी रांगेत बत्तीस जण होते. टेबलावर, मनुष्यबळ कमी म्हणून, गहिनीनाथच बसले होते. बाजूला जेलची खोकी रचलेली. सुंदररावांचा नंबर आला, एवढ्यात खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. नाव कावेरी, शिरूर कासारकडची, दरसाल सहा महिने ऊसतोडीला जाणारी. वय तिशीच्या आतबाहेर, पण चेहरा दहा वर्षं पुढे निघून गेलेला.

"सायेब, हार्मोनचं औषिद हितंच मिळतंय का?"

"मिळतं. नवऱ्याला?"

"न्हाई. मला."

रांगेत खसखस पिकली. अर्थात हळू आवाजात.

"बाई, ही पुरुषांची योजना आहे."

"तसं न्हाई सायेब. पाळीपायी तोडीवर खाडा पडाय नगं म्हणून मुकादम म्हणला, डाक्टरबी म्हणला, पिशवी काढून टाक. मी काढली. तेनी पिशवीसंग समदंच काढलं. सत्तावीस वर्साची हुते. तवापून अंगाची नुसती आग हुती, झोप न्हाई, हाडं दुखत्यात, कोयता उचलत न्हाई. मोठ्या दवाखान्यात म्हणले, तुझं हार्मोन संपलंय. बायकास्नी बी आसतंय म्हणं त्ये, येगळं. म्हणून आले."

गहिनीनाथ माणूस वाईट नव्हते. त्यांनी परिपत्रक काढलं आणि लक्षणांवरून बोट फिरवलं. "अंगात दम नसणे, आहे. झोप न लागणे, आहे. हाडे दुखणे, आहे. सगळं बसतंय." मग बोट खाली आलं. "फक्त बाईचा रकाना नाही. असं करा, नवऱ्याला आणा, त्याच्या नावावर बघू."

"त्यो धडधाकट हाय, सायेब."

"मग अवघड आहे."

कावेरीने खोक्यांकडे एकदा पाहिलं. मग तिने पिशवी खांद्याला लावली आणि फाटकाकडे निघाली.

त्याच क्षणी सुंदररावांच्या पोटातून काहीतरी वर आलं. जुनं, ओळखीचं, ज्यानं वायरमनला उभ्या उभ्या थरकाप सुटायचा ते. दातांच्या आतल्या बाजूला येऊन थांबलं. हात टेबलावर आपटायला उचललासुद्धा गेला.

गहिनीनाथांनी वर पाहिलं. "आबा, काही म्हणालात?"

उचललेल्या हाताखाली जेलचं खोकं होतं. त्यावर त्यांचं नाव आधीच लिहिलेलं होतं.

"न्हाई," सुंदरराव म्हणाले.

"राग आला का? नोंद करावी लागते."

सुंदररावांनी उचललेला हात खोक्यावर अलगद टेकवला. "न्हाई."

"इथं अंगठा टेका."

त्या दिवशी बत्तीसच्या बत्तीस अर्ज मंजूर झाले. एकाचाही आवाज चढला नाही. गहिनीनाथांनी अहवालाखाली शेरा मारला, 'संपूर्ण क्षेत्र बाधित', आणि तो वर पाठवला. वरही तो शांतपणे वाचला गेला.

वाचकहो, आपणही इथवर वाचत आलात. मधे कुठे आपला आवाज चढला असेल, तर आपण अपात्र आहात. नसेल, तर अर्ज भरून टाका. छापील फॉर्म संपले आहेत, पण झेरॉक्स चालते.