धोंडूतात्यांचं हलकं विष

सकाळी ऊस तोडायला निघालेल्या माणसाला धोंडूतात्या रामराम घालत नसत. "अजून हायेस व्हय?" एवढंच विचारत, आणि 'हो' ऐकलं की जेवण चुकल्यासारखा चेहरा पाडत.

आमच्या कांपात, म्हणजे समुद्रापलीकडच्या ह्या बेटावर मळ्यातल्या मजुरांच्या वस्तीत, मरणाऱ्याच्या तोंडात तुळशीचं पाणी घालायचा मान त्यांचा. आटोपलं की म्हणायचे, "सुटला बिचारा." त्यावरून कुजबूज उठली, की तात्यांकडे माणूस 'सोडवायचं' औषध आहे. तात्यांनी ना हो म्हटलं, ना नाही.

हिवतापाच्या साथीत माझी बायको गेली आणि पाठोपाठ मलाही तापानं धरलं. दवाखान्यातलं औषध मी थुंकून टाकी. जगायचंच नव्हतं. तात्या आले तेव्हा त्यांचे पाय धरले. "तात्या, सोडवा मला."

"सोडवतो," ते म्हणाले. "पर माजं विष गरीब हाय, सावकाश चढतं. रोज पेला रिकामा कराया लागंल. आन् वर पेज प्यायची, न्हायतर लागू पडत न्हाय."

मी इमानेइतबारे मरायला लागलो. विष कडूजहर होतं, पण मेली भूकच लागायची!

"तात्या, मरण कुठवर आलं?"

"पोर्ट लुईच्या बंदरात उतरलंय. चालत येतंय."

हे सिरदाराच्या, म्हणजे आमच्या मुकादमाच्या कानावर गेलं. त्यानं तात्यांना मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं आणि मला साक्षीला बैलगाडीतून नेलं.

"ह्याला काय पाजलंस?" दुभाष्यानं विचारलं.

"विष, मिसिये," तात्या साहेबाला म्हणाले.

"मग हा जिवंत कसा?"

"त्येच मला बी कळंना! माल हलका निगाला."

सगळे हसले, साहेब हसला नाही. मी जिवंत होतो म्हणून थोडक्या कैदेवर भागलं. शिपाई नेत असताना तात्या माझ्यावर खेकसले, "बाटली चुलीमागं हाय. मुकाट संपव. अर्धवट मरू नगंस."

संपवली. ताप उतरला, आणि तळाशी काडेचिराइताच्या काड्या दिसल्या. गावाकडे आई हिवतापावर हाच काढा द्यायची.

तात्या सुटून आले तेव्हा मी हात जोडले. "खरं का नाही सांगितलंत? कैद टळली असती."

"तू म्होरं बसलावतास. ऐकून उरलेलं प्याला असतास व्हय?" मग मान वळवून म्हणाले, "ह्या साथीत आपली माणसं सरली. कांपात आपल्या बोलीचं आता तू आन् मी. तू बी गेल्यावर मी शिव्या कुणाला घालू?"

पुढे त्यांनी मला पोटभर शिव्या दिल्या. देव त्यांचं भलं करो, मी एकही वाया जाऊ दिली नाही.