फाटकातलं बाळंतपण

आरोग्यसेविका तेलेझानं त्या दिवशी निळ्या गणवेशाला दोनदा इस्त्री केली, तरी घडी मनासारखी बसेना. जिल्ह्याहून ओस्टन चिलेम्बा नावाचे साहेब गावाच्या पाहणीला येणार होते. तीन वर्षांत गावात किती मुलं जन्मली, कुठं जन्मली, बाळंतपण कुणी केलं, लशी किती टोचल्या, मच्छरदाणीत कोण झोपतं, हे सगळं ते घरोघर विचारून हातातल्या टॅबवर नोंदवणार होते. मलावीतल्या सरोवराकाठच्या त्या पट्ट्यात चिपिरी गाव एका गोष्टीसाठी नावाजलेलं होतं. तीन वर्षांत तिथं एकही बाळ घरात जन्मलं नव्हतं. छत्तीस मुलं, आणि छत्तीसच्या छत्तीस दवाखान्यात.

हा नियम गावच्या मुखिया गोगो न्याडानी यांचा. साऱ्या गावाची ती गोगो, म्हणजे आजी. घरात बाळंतपण झालं तर नवऱ्यानं गावाला एक बोकड द्यायचा, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तीन वर्षांत एकही बोकड मिळाला नव्हता. गोगोला याचा अभिमान होता आणि मटण फार आवडत असल्यानं थोडी हळहळही होती.

पाहणीच्या दोन दिवस आधी तिनं आंब्याखाली बायकांना जमवलं आणि बजावलं, की साहेब काहीही विचारोत, उत्तर एकच, ‘दवाखान्यात’. तेलेझानं हळूच सुचवलं, की आपलं खरंच आहे तर पाठांतर कशाला? गोगोनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“खरं बोलतानाच माणूस जास्त अडखळतो,” ती म्हणाली. “पाठ असलेलं बरं.”

बायकांनी मनापासून पाठ केलं. पाहणीच्या दिवशी गोगो साहेबांबरोबर घरोघर होतीच. पहिल्या घरी साहेबांनी विचारलं, मूल कुठं जन्मलं? दवाखान्यात. प्यायचं पाणी कुठून आणता? दवाखान्यातून. मच्छरदाणी कुठं बांधता? दवाखान्यात. साहेबांनी चष्म्यावरून तेलेझाकडे पाहिलं. तेलेझानं कोंबड्यांकडे पाहिलं. दुसऱ्या घरी बाईनं नवरा दवाखान्यात कामाला असल्याचं सांगितलं, तेव्हा तो तिच्याच शेजारी मांडी घालून मासेमारीचं जाळं विणत बसला होता. तिसऱ्या घरी पंचाहत्तरीच्या एका आजीबाईंनी कुणी विचारलेलं नसताना आपणही दवाखान्यातच जन्मल्याचं ठासून सांगितलं. दवाखान्याच्या इमारतीला आत्ता कुठं अकरावं वर्ष चालू होतं.

ओस्टन साहेब वाईट माणूस नव्हता, पण इस्त्रीच्या कोटासारखाच ताठ होता. त्यानं टॅब मिटला.

“बाई, ही पाहणी मला अशी पाठवता यायची नाही. हे गाव आहे की पोपटांचा थवा?”

तेलेझाचे कान तापले. ती तडक घरी गेली आणि आपली वही घेऊन आली. कोपरे झिजलेल्या त्या वहीत छत्तीस नावं होती. प्रत्येकापुढे तारीख, वेळ, वजन, आईचं नाव आणि दवाखान्यापर्यंत तिला कुणी नेलं ते. साहेबानं सहज म्हणून मधलंच एक पान उघडलं, त्या बाईचं आरोग्यकार्ड मागवलं, ताडून पाहिलं. मग दुसरं. मग पाचवं. दहाव्यानंतर त्यानं कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला आणि पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी गोगोला आंब्याखाली बसवून ठेवलं होतं. उत्तरं सरळ येऊ लागली. दुपार कलेपर्यंत छत्तीस मुलांची नोंद झाली आणि यादीत फक्त लिनेसीचं घर उरलं.

लिनेसी घरी नसणार हे तेलेझाला ठाऊक होतं. तिचे दिवस भरले होते. अशा बायकांना राहण्यासाठी दवाखान्यामागे एक खोली होती आणि दोन आठवड्यांपूर्वी तेलेझानंच तिला तिथं नेऊन सोडलं होतं. तेवढ्यात स्वागतगीत सुरू झालं, साहेबानं कोट पुन्हा चढवला, बायका फेर धरून नाचू लागल्या आणि मागच्या रांगेतली एक बाई नाचता नाचता एकदम खाली बसली. पोट लपवायला तिनं एकावर एक दोन चितेंजे, म्हणजे कमरेची लुगडी, गुंडाळली होती.

“तू इथं काय करतेस?” तेलेझा तिच्यापाशी धावली.

“तिथं नुसती डाळ देतात,” लिनेसी दात आवळून म्हणाली. “इथं ढोल होते, मासळी होती. म्हटलं संध्याकाळी परत जाईन.”

पोटातल्या बाळाला संध्याकाळपर्यंत थांबायचं नव्हतं. गावाकडे आजाऱ्यांना न्यायची सायकलला जोडलेली गाडी होती. पण साहेबांच्या स्वागतासाठी तिला पताका लावून तिच्यावर थोब्वाचे, म्हणजे मक्याच्या गोड पेयाचे, सात रांजण मांडले होते. रांजण उतरवल्यावर कळलं, की ओझ्यानं तिचा आस वाकून चाक पार आडवं झालंय. गावातलं आता एकच वाहन चालू होतं, ते म्हणजे साहेबांची जीप.

ड्रायव्हरनं सीटची कव्हरं कालच धुतल्याचं सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. लिनेसीला मागे आडवं केलं, तेलेझा तिच्या डोक्याशी, साहेब पायाशी अंग चोरून, आणि गोगो न विचारता पुढच्या सीटवर. ढोलवाल्यांना वाटलं साहेब निघाले, म्हणजे निरोपाची मिरवणूक असणार. ते गात, वाजवत जीपमागून धावत सुटले. सहा किलोमीटरच्या खाचखळग्यांत गोगो मागे वळून वळून बाळाची समजूत घालत होती, की दम धर, लेकरा, एवढं वळण गेलं की आलंच फाटक.

फाटक आलं. ते बंद होतं. पहारेकऱ्याला गाडीचा नंबर लिहून घेतल्याखेरीज कुणालाही आत सोडायची परवानगी नव्हती आणि त्याचं पेन चालत नव्हतं. साहेबानं आपलं पेन खिडकीतून फेकलं. फाटक उघडलं, जीपची पुढची चाकं आत गेली आणि तेलेझा ओरडली, थांबवा. दवाखान्यातल्या सिस्टर एलिफा हातमोजे चढवत पायऱ्यांवरून धावत आल्या. पुढचं सगळं तिथंच झालं, मागच्या सीटवर, फाटकाच्या मधोमध. मुलगी झाली. रडली ती अशी, की ढोलवाल्यांनी ढोल थांबवले. लिनेसी सुखरूप होती. बाळाला गुंडाळायला हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून साहेबाचा कोट घेतला, आणि साहेबानं तो स्वतःच काढून दिला होता, हे सगळ्यांनी पाहिलं.

वजन झालं, तीन किलो शंभर ग्रॅम. मायलेकींना आत खाटेवर नेलं. मग सगळ्यांना टॅबची आठवण झाली.

टॅबवर जन्माच्या जागेसाठी तीनच पर्याय होते, घर, दवाखाना आणि इतर. गोगोचं म्हणणं, दवाखाना. पुढची चाकं आत होती, किती आत ते तिनं आपल्या चितेंजेनं मोजून दाखवलं. सिस्टर म्हणाल्या, बाळंतपण मी केलं हे खरं, पण मागची सीट फाटकाबाहेर होती. गोगो म्हणाली, पण डोकं आधी आलं आणि डोकं दवाखान्याकडे होतं. पहारेकऱ्यानं आपलं मत द्यायला तोंड उघडलं, पण सगळ्यांनी मिळून त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प बसला.

ओस्टन साहेब नुसत्या सदऱ्यावर जीपच्या बंपरवर टेकला होता. दिवसभरात त्याचा ताठा बराच उतरला होता. तो तेलेझाला बाजूला घेऊन म्हणाला, लिनेसीचं घर अजून विचारायचं राहिलंय. मी आत्ता आहे तशी पाहणी पाठवून देतो. हे बाळ पुढच्या पाहणीत येईल. तुमचे छत्तीसपैकी छत्तीस राहतील.

तेलेझाला जुनं आठवलं. सव्वातीन वर्षांपूर्वी गोगोची सून घरातच बाळंत होताना गेली होती, बाळही गेलं होतं. तेलेझा तेव्हा नवी होती. तिनं साऱ्या नोंदवह्या चाळल्या, पण त्या दोघांचं नाव कुठंच नव्हतं. ना जन्मात, ना मृत्यूत. त्याच आठवड्यात तिनं ही वही शिवली होती आणि त्याच आठवड्यात गोगोनं बोकडाचा नियम केला होता.

“साहेब,” ती म्हणाली, “ही मुलगी आज जन्मली. आजच लिहा. इतर.”

साहेबानं लिहिलं. परतीच्या वाटेवर गोगो तेलेझाशी अवाक्षर बोलली नाही आणि पुढचे पंधरा दिवसही धड बोलली नाही. वाटेत भेटली की ती तेलेझाच्या बकरीची चौकशी करायची, तेलेझाची नाही.

महिन्यानं जिल्ह्याचं पत्र आलं. तेलेझानं ते उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं, मग गोगोच्या अंगणात जाऊन मोठ्यानं वाचलं. त्या पट्ट्यातल्या चार गावांनी शंभर टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं कळवलं होतं. मुख्य कार्यालयाला ते पटलं नव्हतं. चारही गावांची पाहणी रद्द झाली होती आणि ती पुन्हा होणार होती. चिपिरीचे सदतीसपैकी छत्तीस मात्र एकाही शंकेशिवाय मान्य झाले होते. इतर गावांच्या आरोग्यसेविकांना तेलेझाकडे वही कशी ठेवायची ते शिकायला पाठवण्यात येत होतं.

गोगोनं ‘तेलेझाकडे’ हा शब्द तीनदा वाचायला लावला. मग ती उठली, घरातून चांगली खुर्ची आणली आणि तेलेझाला तिच्यावर बसवलं. आजवर त्या खुर्चीवर गोगोखेरीज कुणी बसलं नव्हतं. तिनं वही मांडीवर घेतली आणि तिच्यावरून उगाच हात फिरवत राहिली.

शनिवारच्या बाजारात पलीकडच्या गावचा मुखिया सुकी मासळी घेत उभा होता. आमचे शंभरच्या शंभर, असं तो कुणाला तरी सांगत होता. गोगो मुद्दाम वाट वाकडी करून त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

“हो, ऐकलंय,” ती शांतपणे म्हणाली. “तुमच्याकडे पुन्हा मोजायला येणारेत म्हणे. आमचं आपलं एक कमी आहे. पण ते कुठं झालं, हे आम्ही चाकांसकट दाखवू शकतो.”