तेजोदय बँकेसमोर मी सहज उभा होतो

शेअर बाजारात लोक पैसे का घालवतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यांना घाई असते आणि हिशेब येत नसतो. मला घाई नसते, आणि हिशेब हाच माझा धंदा! अमरावतीच्या राजापेठेत बसून मी लोकांची रिटर्नं भरतो. भाजीवालीकडून वरची कोथिंबीर घेतल्याशिवाय हलत नाही आणि ऑटोत पाय ठेवण्याआधी परतीचंही भाडं ठरवतो. 'गोवर्धनभाऊंच्या हातून रुपया सुटला तर समजा, रुपयाच खोटा होता,' असं गावात बोलतात. मी मनावर घेत नाही. जाहिरात फुकट होते!

तर तेजोदय बँक. बड्या लोकांना दिलेली कर्जं बुडाली आणि तिचा ऐंशी रुपयांचा शेअर आठवड्याभरात विसावर आला, पाय निसटलेल्या खाटेसारखा, धाडकन! सगळे पळत सुटले. मी म्हटलं, हीच वेळ! सकाळी विसाला घ्यायचा, बाविसाला गेला की दुपारी विकायचा, आणि चार हजार खिशात घालून संध्याकाळी जेवायला बसायचं.

भांडवल चाळीस हजार. ते माझं नव्हतं, एवढीच काय ती बारीकशी अडचण. माझी बायको माया डबे करते. त्यातून तिने मसाला कांडायच्या मशीनसाठी ही रक्कम साठवली होती. अकोल्याच्या दुकानदाराने मशीन शुक्रवारपर्यंत राखून ठेवली होती. त्या दिवशी पैसे पोचले नाहीत तर ती दुसऱ्या गिऱ्हाइकाची. आज मंगळवार. पैसे आमच्या जोडखात्यात लोळत पडलेले. त्यांना एक दिवस कामाला लावलं, तर माझं काय चुकलं?

बाजार उघडताच दोन हजार शेअर घेतले. मग हात शिवशिवायला लागले. माझी अर्धी गिऱ्हाइकं बाजार समितीतले अडते. तिथे पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तूर खालीवर केल्याशिवाय कोणी भाव बोलत नाही. मी तर भाव देऊन बसलो होतो! नमुना तरी पाहू म्हणून रस्ता ओलांडून बँकेच्या शाखेसमोर गेलो आणि काचेच्या दाराला नाक लावलं. पंखे फिरतात का? कॅशियर हसतो का? चहा अजून दुधाचाच येतो ना?

"गोवर्धनभाऊ, इथं काय करून राहिले?"

मागे वकार! माझ्या ऑफिसशेजारी त्याचं मोबाइलचं दुकान आहे. त्याला शेअरचं सांगितलं तर माझ्या आधी ती बातमी माझ्या घरी पोचणार.

"काही नाही," मी म्हटलं, "सहज उभा आहे."

इथेच घात झाला! मी आयुष्यात कुठे सहज उभा राहिलेलो नाही, हे साऱ्या राजापेठेला माहीत आहे. वकारने डोळे बारीक केले, बाजूला सरकून बायकोला फोन लावला. "नाजिया, पासबुक लेके आ! गोवर्धनभाऊ बँक के सामने 'सहज' खडे हैं!"

पाच मिनिटांत माझ्यामागे सहा माणसं. अर्ध्या तासात रांग रसवंतीच्या पुढे! भातकुलीचे खुशालराव सोयाबीनचे पैसे इथेच ठेवतात. ते धोतर सावरत थेट माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले.

"भाऊ, बँक बुडून राहिली का?"

"अहो, मुळीच नाही!"

"मंग पयला नंबर काहून लावला?"

"मी नंबर लावलेलाच नाही!"

खुशालराव मागच्याकडे वळले. "पाह्य, सांगत नाई. म्हंजे पक्की बुडते!"

कुणीतरी व्हिडिओ काढला. 'अमरावतीत बँकेसमोर झुंबड!' सगळ्यात पुढे माझा चौकड्यांचा शर्ट. मी मोबाइल उघडला. एकोणीस. साडेअठरा. सतरा नव्वद! मी माझ्याच खाटेवर बसून तिचेच पाय कापत होतो!

शेवटी दाराजवळच्या स्टुलावर चढलो. "मंडळी! मी पैसे काढायला नाही, भरायला आलोय!"

खुशालरावांनी विचारलं, "किती?"

खिसा चाचपला. "पाचशे."

असा हशा उसळला की बँकेच्या मॅनेजर आरती मॅडम धावत बाहेर आल्या. त्यांचा चेहरा उन्हात विसरलेल्या पापडासारखा झाला होता.

"पाचशे भरून आमच्या पाच लाखाले पहारा देतं का बावा!" कुणीतरी ओरडलं.

आणि तेवढ्यात ऑटोतून माया उतरली. नाजियाने तिला व्हिडिओ पाठवला असणार. ती रांग कापत स्टुलापर्यंत आली आणि वर पाहत म्हणाली, "अवो, खाली उतरा. काय भरून राहिले तुमी?"

"पाचशे," मी पुटपुटलो.

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेपुढे आयकर खात्याची नोटीस म्हणजे लग्नाची पत्रिका! मग पिशवीत हात घालून तिने डब्यांची नुकतीच झालेली वसुली काढली, अठरा हजार, आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात मॅडमना म्हणाली, "हे बी घ्या. वर्षभरासाठी ठेवा. याइच्याच नावानं!"

रांगेत कुजबुज सुरू झाली. खुशालरावांनी पासबुक बंडीत कोंबलं. "या घरचा पैसा आत चालला म्हंजे बँकेले मरण नाई रे! चला, मी जातो भातकुलीले."

त्यांच्यामागे रांग विरघळली. दोघातिघांनी तर काढायला आणलेल्या स्लिपा फाडून भरायच्या घेतल्या! वकारने दुसरा व्हिडिओ टाकला: 'अमरावतीत बँकेत पैसे भरायला गर्दी!' शेअर उठला. एकोणीस, वीस, एकवीस साठ! मी बटण दाबणार, तोच आरती मॅडमनी मोबाइल मागून घेतला. "ठेवीसाठी ओटीपी येईल, सर." ओटीपी दोनदा चुकला. एकदा सर्व्हर बसला. मधे चहा आला, दुधाचा! मोबाइल हातात आला तेव्हा भाव वीस रुपये दहा पैसे. विकून टाकले. कर आणि दलाली जाऊन निव्वळ नफा एकशे बारा रुपये.

घरी जाताना ऑटोत माया वसुलीच्या रिकाम्या पिशवीची घडी घालत बसली. सायन्सकोर मैदान मागे पडल्यावर बोलली.

"किती सुटले?"

"कशाचे?"

"चाळीस हजार गेल्याचा मेसेज सकाळीच आला मले. जोडखातं हाये आपलं. आन् व्हिडिओत तुमी या बँकेपुढं दिसले, तवाच समजलं शेअर कोणाचा ते."

मी बाहेर पाहू लागलो. "एकशे बारा."

"आन् मुद्दल?"

"पूर्ण आहे! पैपैसा!"

"मंग ठीक," ती म्हणाली. "बँक वाचली त तुमी वाचान, तुमी वाचले त माही मशीन वाचन, असा हिशेब लावला मी. तुमाले नाई जमत तो."

शुक्रवारी आम्ही अकोल्याहून मशीन आणली. आता आमच्या गल्लीत सकाळपासून धडधड चालते, आख्खा मोहल्ला शिंकतो आणि मायाकडे मिरची कांडायला रांग लागते. खरी रांग! पुढच्या महिन्यात दुसरी मशीन घ्यायचं ती म्हणते आहे, आणि मला वाटतं, घेईलच.

तेवढ्यासाठी अठरा हजारांची ठेव मोडून आणा, असं तिने मला सांगितलंय. मी तीनदा बँकेत गेलो. तिन्ही वेळा दारातच कुणीतरी भेटलं. परवा खुद्द खुशालराव!

"भाऊ, आज काहून आले? काढाले का?" त्यांचा हात तेवढ्यात बंडीतल्या पासबुकावर गेलेला.

"छे छे!" मी म्हटलं, आणि आणखी पाचशे भरून आलो.