धुरपदाबाईंच्या अंगणातली दोन दारे

देव्हाऱ्यासाठी राखून ठेवलेले सागवान माळवदावर नाही, हे धुरपदाबाईंच्या ध्यानात आले, तेव्हा ते अंगणात बसप्पा सुताराच्या रंध्याखाली होते आणि त्याचे उभे-आडवे तुकडेही पडले होते. त्यांचा आवाज अणदूरच्या निम्म्या गल्लीला परिचयाचा होता. त्या दिवशी उरलेल्या निम्म्या गल्लीलाही त्याचा परिचय झाला.

“बसप्पा, थांब! कुणाच्या हुकमानं चालवलास रंधा?”

“धाकट्या मालकांच्या,” असे म्हणत बसप्पाने रंधा ढालीसारखा छातीशी धरला.

धाकटे मालक म्हणजे व्यंकट. तो साखर कारखान्यात विजेचे काम पाहत असे. पुण्याच्या एका मित्राकडून त्याने गाणी ऐकायचे दोन परदेशी कर्णे, म्हणजे स्पीकर, आणले होते. त्यांच्या मूळ चौकटी वाळवीने खाल्ल्या होत्या. उरले होते ते पुरुषभर उंचीचे, भोकाभोकांचे पत्रे आणि त्यांच्यामध्ये ताणलेला, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ असा प्लास्टिकचा पडदा.

“ह्याला कर्णा म्हणत्यात?” धुरपदाबाई कडाडल्या. “कर्णा असतो धोतऱ्याच्या फुलावानी. ही तर ज्वारी चाळायची चाळण हाय!”

“आई, विजेनं ह्यातला पडदा हालतो. त्याला जुनं, मुरलेलं लाकूड लागतं, न्हायतर चौकटच गुणगुणाया लागती. आन् हवा लागती कोरडी.”

“मंग बरोबर गावात आणलास. पावसाचा पत्ता न्हाय, माणसं सुकली, जनावरं सुकली, आन् दुष्काळ मानवला कुणाला, तर तुझ्या चाळणीला!”

राग रास्त होता. परंतु कापलेले लाकूड रागाने सांधले जात नाही. संध्याकाळपर्यंत बसप्पाने दोन्ही चौकटी उभ्या केल्या. त्या कलंडू नयेत म्हणून खाली जाडजूड आडवे लाकूड बसवले आणि आतल्या खाचा घासायला सोप्या जाव्यात म्हणून त्या गल्लीकडच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. टँकरवरून घागर आणणाऱ्या शेजारच्या सिताबाईंना त्या दिसल्या. घरात भाऊ दोन, अंगणात दारे दोन. सिताबाईंचे डोळे भरून आले.

“धुरपदाक्का, लई मनाला लावून घिऊ नगा. आता घरोघर हेच चालू हाय.”

“काय चालू हाय?” धुरपदाबाईंनी विचारले. पण पाणी हिंदकळेल या भीतीने सिताबाई थांबल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी थोरला मुलगा आबाराव सोसायटीच्या चारा डेपोवर गेला. तेथे चेअरमन हिंमतराव स्वतः बसले होते.

“आबाराव, कडबा आता एका कार्डावर मिळायचा न्हाय. चूल वेगळी झाली की कार्ड वेगळं. पंच घिऊन येतो, वाटणी बघतो, मंगच चारा सोडतो.”

“कुणाची वाटणी?”

“पहिल्यांदा समदे असंच म्हणत्यात,” हिंमतराव सहानुभूतीने म्हणाले.

आबाराव रिकामी गाडी घेऊन परतला. गोठ्यातले बैल त्याच्याकडे पाहत होते आणि व्यंकट ओट्यावरच्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाज भरून घेत चौकटीवर बोटांनी टकटक करीत होता. चौकट गुणगुणते काय, हे त्याला नंतर ऐकून पाहायचे होते.

“मला न विचारता केलंस?” आबाराव ओरडला.

“विचारलं असतं तर तुमी दिलं असतं का, दादा?” व्यंकटच्या मनात सागवान होते.

“म्हंजी? तुला घ्यायचंच व्हतं तर!” आबारावच्या मनात निम्मे घर होते.

हे ऐकून दोन्ही सुना बाहेर आल्या. वाटणीची वार्ता खोटी आहे, असे त्यांच्यापैकी एकीलाही वाटले नाही. थोरली सुमन म्हणाली, “भिंत घालायची तर रांजणाच्या अलीकडनं घाला.” धाकटी अयोध्या म्हणाली, “रांजण माझ्याकडंच ऱ्हाईल. जातं तुमी घ्या.” घर कोठून कापायचे याचे माप दोघींच्या मनात केव्हाचे तयार होते.

एका चुलीचे घर हा धुरपदाबाईंचा अभिमान होता. तो रांजणापाशी तुटताना पाहून त्या अंगणाच्या मध्यभागी येऊन उभ्या राहिल्या.

“एका तव्यावरची भाकर खाताना लाज वाटती का तुमाला? वर पाणी न्हाय, खाली चारा न्हाय, आन् तुमाला भिंती सुचत्यात! भिंत घालायची तर आधी माझ्या छातीवरनं घाला! मी जित्ती हाय तवर ह्या घराला दुसरं दार व्हायचं न्हाय!”

सगळे पांगले. ओट्यावरचा टेपरेकॉर्डर तेवढा फिरत राहिला.

संध्याकाळी हिंमतराव दोन पंचांसह आले आणि चौकटींकडे बोट दाखवून म्हणाले, “दारं तर तयारच दिसत्यात.” धुरपदाबाईंनी हुकूम सोडला, “व्यंकट, तुझ्या चाळणी बसीव त्या चौकटीत आन् वाजवून दाव. दारं हायेत का कर्णे, ते बघू दे ह्यान्ला!”

माजघरात चौकटी उभ्या राहिल्या. पाहुणे रिवाजाप्रमाणे बाजूच्या भिंतीलगत जाजमावर बसले आणि धुरपदाबाई बरोबर समोर, मधोमध, आपल्या पाटावर. या कर्ण्यांचा आवाज समोर व मागे जातो, बाजूच्या माणसाला तो जवळजवळ मिळतच नाही, हे व्यंकटला ठाऊक होते. पण चेअरमनला जाजमावरून उठवण्याची छाती त्याला नव्हती. घाईत त्याने टेपमध्ये होती तीच कॅसेट लावली.

पंचांना कोठेतरी कुजबुज झाल्यासारखी वाटली. हिंमतराव म्हणाले, “वैनी, कर्णा म्हणता, पर आवाज कुठाय?”

“गप बसा! बाई बोलायलीय.”

“कोण बाई?”

“या, हितं बसा. म्हंजी कळंल!” धुरपदाबाईंनी पाट रिकामा केला.

हिंमतराव पाटावर बसले आणि एकदम ताठ झाले. ‘भिंत घालायची तर आधी माझ्या छातीवरनं घाला!’ तोंडावर कोणी उभे राहून बोलावे, असा आवाज होता. त्यांनी वळून धुरपदाबाईंकडे पाहिले. त्यांचे ओठ मिटलेले होते. दोन्ही मुलगे जमिनीकडे पाहत होते. सुनांनी पदर तोंडात धरले होते.

हिंमतरावांनी उठून फेटा सारखा केला. “कडबा एकाच कार्डावर सोडतो. दारं न्हाईत ही. दार एवढं बोलत न्हाय.”

पंच गेल्यावर धुरपदाबाई पुन्हा पाटावर बसल्या आणि त्यांनी त्या बाईचे बोलणे पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितले. अखेरपर्यंत मान डोलावून त्यांनी विचारले, “कोण रं ही बाई?”

व्यंकटने आबारावकडे पाहिले. आबारावने छताकडे पाहिले. दोघा भावांचे त्या दिवशी प्रथमच एकमत झाले.

“आसंल कुणीतरी मोठ्या घरची,” आबाराव म्हणाला.

“जरा फटकळ हाय. पर बोलती रास्त.” धुरपदाबाईंनी पाट दोन्ही सुनांकडे सरकवला. “व्यंकट, रोज सकाळी लावत जा. ह्या घरात माझं कोण ऐकतंय? तिचं तरी ऐकतील.”

घराला दुसरे दार झाले नाही. दुसरी धुरपदाबाई मात्र झाली.