शिवलेला आवाज

"फ्यूज तेवढा बघा. बाकी कशाला हात लावू नका," असं दोनदा बजावून गिटारवाल्या बाई आपला जुना अॅम्प्लिफायर रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावर ठेवून गेल्या.

रेडिओवाल्यांनी फ्यूज बदलला. चहा निवायच्या आत काम संपलं आणि दुकान पुन्हा गप्प झालं. हल्ली लोक बिघडलेली वस्तू दुरुस्त करत नसत, नवी घेत. बायको गेल्यापासून वरच्या खोलीतही तीच गत होती. मुलीचा फोन रविवारी यायचा, "बाबा, जेवलात ना?" एवढं विचारून ती सुटायची, "हो" म्हणून हे सुटायचे.

एवढा मोठा खोका दारात आलेला, तो असा सोडून द्यायचा म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवणंच की! 'हात लावू नका' म्हणणाऱ्याला खरं तर आपल्या वस्तूची लाज वाटत असते, अशी मनाची समजूत घालून त्यांनी खोक्याची मागची बाजू बघितली. आतल्या स्पीकरचा कागदी पडदा चांगला वीतभर फाटला होता.

"अरेरे, कुणी बघितलंच नाही रे तुझ्याकडे!" ते म्हणाले. बोलायला माणूस नसल्यामुळे ते वस्तूंशी बोलत.

त्यांनी पडद्याला पातळ कागद लावला, बारीक टाके घातले, वरून सरस फिरवला. घरघर घालवली, खरखर काढली. कितीतरी दिवसांनी त्यांना संध्याकाळ कधी झाली ते कळलं नाही.

आपल्या बँडच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाई खोका न्यायला आल्या. सोबत त्यांचे दीर होते, बँडमधले ड्रमवाले. बाईंनी गिटार जोडून तार छेडली. धुतलेल्या काचेसारखा लख्ख सूर निघाला. रेडिओवाले शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

"भावजी, हे काय वाजलं?"

"दारावरची बेल असेल, वहिनी."

"अहो, माझी घरघर कुठाय?"

"घालवली," रेडिओवाले ऐटीत म्हणाले. "पडदा फाटला होता, तो शिवला. शोधून दाखवा टाका!"

बाई मटकन स्टुलावर बसल्या. "पहिल्या कार्यक्रमाला आमचे हे अंधारात स्टेजवरून उतरले, ते थेट या खोक्यात पाय घालून. मी चारचौघांत वाट्टेल ते बोलले त्यांना. मग तार छेडली, तर असा काही आवाज आला की अख्खा हॉल उठून उभा! त्या आवाजावर आमचं नाव झालं. आता ते नाहीत. त्यांची तेवढी एक लाथ माझ्याजवळ राहिली होती. ती तुम्ही शिवलीत."

रेडिओवाल्यांना तोंड कुठं लपवावं कळेना.

"तुमचा काय दोष?" दीर सावरून घेत म्हणाले. "आमच्या या रॉक संगीताचा इतिहासच मोडतोडीचा. एकाची गिटार चुकून छताला लागून मोडली, तर गड्यानं ती तिथंच आपटून पुरती फोडली. एकानं मुद्दाम पात्यानं स्पीकर चिरला. एकाच्या बोटांची टोकं कारखान्यात गेली, म्हणून त्यानं तारा सैल केल्या, आणि त्यातून हेवी मेटल हा अख्खा प्रकार निघाला!"

"आणि कुणीच काही दुरुस्त नाही केलं?"

"नशीब आमचं, तुमचं दुकान लांब होतं."

मग उलटं काम सुरू झालं. आयुष्यभर जोडणाऱ्या माणसानं स्वतःचेच टाके उसवले. बाईंनी तार छेडली.

"हा खोकला झाला," दीर म्हणाले.

आणखी उसवलं. "आता बदक."

सरसानं कडा कडक झाल्या होत्या. त्या काही केल्या फडफडेनात. रेडिओवाल्यांनी तिघांचा चहा टाकला. जास्तीचे कप धूळ झटकून काढावे लागले. तो घरघराट सापडायला हवा होता, पण इतक्यात नको, असं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

कप ठेवायला ते वाकले. तोल सावरायला खोक्याला धरलं, ते नेमकं मागून; अंगठा पडद्याच्या कडेला टेकला. बाईंचा हात तारेवर होताच.

घुर्रर्र!

"हाच! हाच तो!" बाई ओरडल्या. "अंगठा काढू नका!"

"किती वेळ?"

"उद्या कार्यक्रम संपेपर्यंत!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेडिओवाले दिरांचा काळा सदरा घालून, कानात कापूस कोंबून, खोक्यामागे बुटक्या स्टुलावर बसले. समोर वायरी, स्पीकरच्या पडद्याची मागची बाजू आणि स्वतःचा अंगठा. पलीकडे हॉल दणाणत होता. हा माणूस इथं आहे हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. अंगठ्याखाली कुणा न पाहिलेल्या माणसाची लाथ थरथरत होती. डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी स्टेजवरच्या धुराला बोल लावला.

कार्यक्रम संपला. लोकांनी वादकांना गराडा घातला. "हळू, जपून!" करत दिरांनी खोका चादरीत गुंडाळून गाडीत चढवला. आवराआवरीच्या गडबडीत गाडी निघूनही गेली. रेडिओवाले मागच्या दाराशी उभे होते, अंगठा अजून तसाच वर धरून. मुलीचा फोन यायला आज रविवारही नव्हता. त्यांनी अंगठा मुठीत मिटला आणि चालू लागले.

तेवढ्यात गाडी करकरत उलटी आली. बाईंनी खिडकीतून डोकं काढलं. चांगल्याच तापल्या होत्या.

"असे कसे मागे राहता हो? पुढच्या आठवड्यात परगावी कार्यक्रम आहे, आणि तुम्ही निघालात आपले!"

"खोका तर नेलात ना तुम्ही."

"खोक्याचं काय घेऊन बसलात! चढा आधी."

ड्रम आणि खोका यांच्या मधल्या फटीत त्यांना कसंबसं बसवलं. बाईंनी खोक्यावरची चादर ओढून काढली, त्यांच्या हाताभोवती नीट गुंडाळली आणि पुढे वाकून म्हणाल्या,

"भावजी, गाडी हळू हाका. सामान नाजूक आहे."