वेणूकाकूंची वीस मिनिटांची हिंदी

आमच्या वेणूकाकू काशीत रामघाटावर अठ्ठावीस वर्षं राहिल्या आणि तेवढ्या काळात हिंदीचा एक शब्द बोलल्या नाहीत. हिशेब माझा आहे. मी त्यांच्या खालच्या दोन खोल्यांत बिऱ्हाडाने राहत असे आणि शाळेत गणित शिकवत असे. "हिंदीने जीभ जड होते," हे काकूंचं ठाम मत. परिणाम असा, की रामरती भाजीवाली गल्लीच्या तोंडापासूनच ओरडे, "काकू, वांगी घ्या, किडकी नाहीत!" आणि नावाडी घासाघीस करताना "परवडत नाही हो" म्हणे. अशी तयार झालेली चार माणसं मी मोजली होती. पाचवा गवळी, तो अजून कच्चा होता.

मग काकूंचा एकुलता दिगू विलायती कापडाच्या दुकानापुढे, गिऱ्हाइकांच्या वाटेत आडवा झोपला. सहा महिने तुरुंग. पोलीस त्याला पकडायला घरी आले तेव्हा त्यांच्यादेखत काकू कडाडल्या, "जा! या घराला मुलगा नाही!" दिगूने ते मनावर घेतलं. सुटल्यावर परस्पर नागपूरला मामाकडे जाणार, असा त्याचा निरोप आला.

भेट तीन महिन्यांतून एकदा, वीस मिनिटं, आणि बोलणं पहारेकऱ्याला कळेल अशा भाषेत. पहिल्या भेटीत मी सोबत होतो. काकूंनी "अरे दिग्या" एवढंच म्हटलं, तोच पहारेकरी म्हणाला, "हिंदी में, माताजी." काकू गप्प झाल्या त्या उरलेली साडेएकोणीस मिनिटं. दिगूही मान खाली घालून उभा.

घरी येताच काकू म्हणाल्या, "मास्तर, शिकवा."

रोज दोन वाक्यं. काकू ती चुलीपुढे घोकत. पोळी करपे, पण वाक्य अर्धं सोडत नसत.

सुटकेच्या आठवडाभर आधी दुसरी भेट झाली. काकू जाळीपुढे ताठ उभ्या राहिल्या. "आपकी शिक्षा कब पूरी होगी?"

पहारेकरी गोंधळला. "माताजी, यह जेल है, पाठशाला नहीं!"

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे सांगायचं माझ्याकडूनच राहिलं होतं. दिगूने ओठ दाबून धरले.

काकू डगमगल्या नाहीत. "उस दिन हमको राग आया था."

"कौन-सा?" पहारेकरी आता रंगात आला होता. "भैरवी?"

दिगूला हसू फुटलं. जाळी धरून हसता हसता त्याने पहारेकऱ्याला समजावलं, "गुस्सा, भैया, गुस्सा आया था अम्मा को."

"हां, वही," काकू म्हणाल्या. "गलती हमारी थी. आप घर आइए."

दिगूचं हसू थांबलं. त्याने बाहीने डोळे पुसले. "आऊँगा, अम्मा."

उरलेली अकरा मिनिटं दोघं वांग्याच्या भरताविषयी बोलली. व्याकरणाच्या चुका मी मोजल्या नाहीत.

परतताना एक्क्यात मी म्हटलं, "काकू, चूक माझी. मी सगळीकडे 'आप'च शिकवलं. पोटच्या मुलाला हिंदीतही 'तू'च म्हणतात."

"ते का मला ठाऊक नाही? अठ्ठावीस वर्षं कान उघडे आहेत माझे." काकूंनी डोक्यावरचा पदर सावरला. मग म्हणाल्या, "पण मास्तर, मराठीत 'चूक माझी' हे माझ्या तोंडून निघालं नसतं हो."