रांग अडखळते आहे

शिलाईवालीची मुलगी जिवंत होती. याबद्दल घरात, गल्लीत किंवा कॉलेजात कुणाचंही दुमत नव्हतं. फक्त सरकारी दाखल्यावर तिच्या नावाआधी 'कु.'च्या जागी 'कै.' छापून आलं होतं, आणि समोर सरकारी कागद असल्यामुळे मुलीची बाजू लंगडी पडत होती.

वसतिगृहाच्या रेक्टरबाई वाईट नव्हत्या. त्यांनी मुलीला नीट निरखून पाहिलं, प्यायला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "दिसतेस तर चांगली ठणठणीत. पण कैलासवासींना खोली देण्याची नियमात तरतूद नाही गं. आज संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत दुरुस्त केलेला दाखला आण. नाहीतर खोली पुढच्या मुलीला जाईल."

तेव्हापासून मुलगी बॅग घेऊन वसतिगृहाच्या पायरीवर बसली होती आणि आई दाखल्यांच्या खिडकीसमोर उभी होती. दुरुस्तीचा अर्ज तिने मागेच दिला होता. आज नुसता नवा दाखला छापून हातात घ्यायचा होता. त्यासाठी ती सकाळचा चहा तसाच टाकून आली होती, आणि रांगेत पहिली होती.

तिच्या हिशेबी काम अगदी किरकोळ होतं. वरच्या दोन मात्रा उसवायच्या आणि खाली एक उकार टाचायचा. गिऱ्हाईक दारात उभं ठेवून ती याहून मोठी कामं उरकून देत असे.

खिडकीच्या आत साहेब बसले होते. साहेबांचं पद कारकुनाचं. पण काचेच्या पलीकडे जो बसतो तो साहेब. कपाळाला आठ्या, ओठ घट्ट मिटलेले, उजवा हात माउसवर आणि डोळे स्क्रीनला चिकटलेले. सरकारी कचेरीत इतकं मन लावून काम करणारा माणूस बघून शिलाईवालीला भरून आलं.

"साहेब, माझी ती एका अक्षराची दुरुस्ती..."

"थांबा हो बाई. मशीन अडकतंय. काल रात्री अपडेट आलं आणि सगळ्याची वाट लागली."

"सगळ्याची?"

"सगळ्याची! कालपर्यंत लोणी होतं, लोणी! आज हात पुढे कर म्हटलं तर हा बाबा विचार करत बसतो. तोवर समोरचा माणूस चिडून निघून जातो."

समोरचा माणूस चिडून जाईल, याची काळजी वाहणारा कारकून तिने जन्मात पाहिला नव्हता. "मी नाही चिडत साहेब," ती समजुतीने म्हणाली. "होऊ द्या तुमचं सावकाश."

"तुमचं नाही हो. मी आतल्यांचं म्हणतोय."

काचेला खाली कागद सरकवण्यापुरतं भोक होतं. शिलाईवालीने वाकून त्यातून आत पाहिलं. स्क्रीनवर एक मोठी खोली होती, खोलीत खिडकी होती आणि खिडकीसमोर रांग. तिला वाटलं, इथलाच कॅमेरा असेल. कुणीही करेल तेच तिने केलं. आधी स्वतःला शोधलं.

"यात मी कुठे दिसत नाही," ती म्हणाली.

"कशा दिसाल? तुम्ही खऱ्या आहात," साहेब म्हणाले.

तिच्या मागे एक निवृत्त मास्तर उभे होते. त्यांनी धडा समजावून सांगावा तसं सांगितलं. हा 'तत्पर खिडकी' नावाचा गेम. आपण खिडकीवरचा कारकून व्हायचं. लोक येतात, त्यांची कामं झटपट करून द्यायची. जितकी माणसं खूश तितके गुण. साहेब त्यात जगात दुसरे होते आणि पहिल्या नंबरवर कुठल्याशा लांबच्या देशातला एक दंतवैद्य होता. आज स्पर्धेचा शेवटचा दिवस.

"म्हणजे साहेब खिडकीवर बसून खिडकीवर बसायचा खेळ खेळतात?"

साहेबांना ते लागलं. त्यांनी स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी काचेकडे तिरकी केली. "खेळ काय म्हणता, बाई? एक माणूस परत पाठवत नाही मी यात. एक! 'उद्या या' असं बटणच नाही त्याला."

रांगेतून कौतुकाचा हुंकार उमटला. इतका सज्जन कारकून आपल्याच गावच्या खिडकीवर आहे, हे आजवर कुणाला कळलं नव्हतं.

"रीस्टार्ट करून बघितलं का?" मागून कुणीतरी विचारलं. कुणी, ते तिने वळून बघितलं नाही. रांगेत माणूस पुढे बघतो.

साहेबांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. मशीनने त्यांचं स्वागत केलं, नव्या सुविधा बघायच्या आहेत का विचारलं, नको म्हटल्यावर पुन्हा विचारलं, आणि मग तितकंच अडखळायला लागलं. शेवटी साहेबांनी तंत्रज्ञाला फोन लावला.

मागे एकदा कचेरीची दाखला प्रणाली बंद पडली होती. तेव्हा तंत्रज्ञ येईपर्यंत, जन्मदाखल्यासाठी नाव दिलेल्या बाळाला दात आले होते. आज तो तोंडातला घास चावतच आला. तोही 'तत्पर खिडकी' खेळायचा; फार मागे होता, पण निष्ठावान होता.

"काय झालंय ते कळलं," खुर्ची ओढत तो म्हणाला. "अपडेटने ड्रायव्हर बदललाय. हा नवा ड्रायव्हर एकदम नालायक आहे."

"ओ भाऊ," मास्तरांच्या मागून एक टेम्पोवाला गरजला, "ड्रायव्हर लोकांबद्दल तोंड सांभाळून बोलायचं!"

तंत्रज्ञाने त्याला समजावलं की हा ड्रायव्हर मशीनमधला, चित्रं हलवणारा. टेम्पोवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे अनुभवी माणूस काढला आणि कालचा नवशिका बसवला. मग गाडी आचके देणारच! आमच्या मालकानेपण हेच केलं." आणि त्या घटकेपासून तो तनमनाने साहेबांच्या बाजूचा झाला.

जुना ड्रायव्हर परत आणला. रांग थोडी सरकली आणि पुन्हा अडखळली.

"चित्राचा दर्जा उतरवू," तंत्रज्ञ म्हणाला. "जास्तीत जास्त भार चेहऱ्यांचा येतो. चेहरे काढून टाकतो."

"चेहरे नसले तर काम होईल?" मास्तरांनी शंका काढली.

"न व्हायला काय झालं?" साहेब म्हणाले. "इतकी वर्षं नोकरी कशी केली मी?"

स्क्रीनवरच्या माणसांचे चेहरे गेले. मानेवर नुसते गुळगुळीत गोळे राहिले. रांगेला जरा वेग आला, पण मशीनमधून घरघर यायला लागली. मशीन तापत होतं. जनतेच्या बाजूला एकच पंखा होता. टेम्पोवाल्याने तो स्वतः उचलून दारातून आत नेला आणि मशीनच्या तोंडाशी लावला. लोक आपापल्या कागदांनी वारा घ्यायला लागले. शिलाईवालीकडे 'कै.' छापलेला दाखला होता. तिने त्याचाच घेतला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"आई, झालं का? रेक्टरबाई घड्याळाकडे बघायला लागल्यात."

"होतंय गं. चेहरे काढलेत, आता पंखा लावलाय."

"काय काढलंय?"

"मावशी, जरा सरका, दिसत नाही," मागचा तोच आवाज म्हणाला. तिने घाईने फोन ठेवला आणि बाजूला सरली.

तंत्रज्ञ आता मशीनच्या पोटात शिरला होता. "मागच्या मागे काय काय चालू आहे बघू... हे काय? 'दाखला प्रणाली'. हे कशाला चालू ठेवलंय, साहेब?"

"ते कचेरीचं आहे. आपोआप चालू होतं. मी कधी हात लावत नाही."

"अहो, सगळी ताकद हेच खातंय! बंद करतो."

"थांबा थांबा!" शिलाईवाली ओरडली. "माझं काम त्यातच आहे ना?"

साहेबांनी स्क्रीनवरून नजर काढली आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे पाणावले होते.

"बाई, इकडे बघा. ही सगळ्यात पुढे उभी आहे ना, छत्रीवाली? डोक्यावर काय लिहिलंय वाचा."

'नावात दुरुस्ती', असं लिहिलं होतं.

"तुमच्यासारखंच आहे हो तिचं. सकाळपासून येतेय बिचारी. दर वेळी मी दाखला पुढे करतो, हात मधेच अडकतो, आणि ती मान खाली घालून परत जाते. मला बघवत नाही."

शिलाईवालीने पाहिलं. म्हातारी काठीसारखी छत्री टेकून उभी होती. तिला चेहरा नव्हता, त्यामुळे आपला चेहरा तिथे लावून बघायला शिलाईवालीला काही अडचण आली नाही. मापात बसला.

"बंद करू द्या हो, मावशी," मागचा आवाज म्हणाला. "तुमचं काय, नंतरही होईल."

"करा मग," ती म्हणाली. "तिचं तरी होऊ दे."

दाखला प्रणाली बंद झाली. रांग पळायला लागली, पळता पळता ठेचकाळली आणि थांबली. तंत्रज्ञाने कपाळ पुसलं. "जागा कमी पडतेय. इथे 'प्रलंबित' नावाचं एक भलंमोठं गाठोडं आहे. काय आहे यात?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "लोकांचे अर्ज."

"उडवू?"

साहेब एकट्याने निर्णय घेणाऱ्यांतले नव्हते. अर्ज लोकांचे, तर लोकांना विचारलं पाहिजे. ते काचेकडे वळले. "जनतेचं काय मत आहे? मत असेल त्यांनी हात वर करा."

मास्तरांचा हात वर गेला. टेम्पोवाल्याचे दोन्ही गेले. मागे हातांची नुसती झुंबड उडाली. शिलाईवालीला क्षणभर वाटलं, आपला अर्ज त्यातच असणार. पण इतके सगळे हात वर असताना आपला एकटीचा खाली ठेवायला तिला कसंसंच झालं. तिने दाखला धरलेला हात वर केला.

गाठोडं उडालं. वरच्या कार्यालयात, जिथे सगळ्या खिडक्यांवर नजर ठेवली जाते, तिथे या कचेरीच्या नावापुढे 'प्रलंबित प्रकरणे : निरंक' अशी नोंद उमटली, आणि अभिनंदनाचा संदेश आला. साहेबांनी तो वाचलाही नाही. त्यांचं कामात लक्ष होतं.

आणि काय सांगावं! रांग अशी धावायला लागली की बघत राहावं. जागा इतकी झाली, की तंत्रज्ञाने चेहरेसुद्धा परत बसवले. दाखले सपासप सुटत होते. टेम्पोवाला काचेवर हाताने ताल धरत होता. मास्तर दंतवैद्याचे गुण मोठ्याने वाचत होते. शेवटी छत्रीवाली खिडकीशी आली. साहेबांनी श्वास रोखला. हात पुढे गेला, कुठेही न अडकता गेला, शिक्का पडला आणि म्हातारीच्या हातात दाखला आला. तिने तो डोळ्यांजवळ धरून वाचला, छत्री उंच हलवली आणि दात नसलेलं तोंड उघडून हसली.

दंतवैद्य दुसरा झाला.

टाळ्यांनी खोली दणाणली. अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. शिलाईवालीने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. तिच्या आयुष्यात सरकारदरबारी एवढं चांगलं कधी काही घडलं नव्हतं.

साहेब उठले आणि खिडकी बंद करायला लागले. वेळ संपली होती.

"साहेब, आता माझं?"

साहेब आज कुणालाही नाही म्हणायच्या मनःस्थितीत नव्हते. ते पुन्हा बसले, मशीनमध्ये बघितलं आणि प्रेमाने म्हणाले, "तुमचं काहीच प्रलंबित नाही."

"अर्ज दिलाय ना मी! मागेच दिलाय."

"दिला असेल. पण प्रलंबित नाही म्हणजे निकाली निघाला. निकाली निघाला म्हणजे काम झालं. झालेल्या कामासाठी कशाला पाय दुखवून घेता, बाई?"

झडप खाली आली. झडपेशेजारी 'आमची सेवा कशी वाटली?' असं विचारणारी तीन बटणं होती. एक रडका चेहरा, एक गप्प, एक हसरा. तिने हसरा दाबला. माणसाने किती कष्ट घेतले होते, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

फोन वाजला.

"आई, झालं?"

"झालं गं बाई एकदाचं!" तिचा आवाज आनंदाने अजून कापत होता. "परतच चालली होती बघ, मान खाली घालून. पण नाही, झालं! सट्‌दिशी दाखला हातात! काय हसली म्हणून सांगू..."

"कोण हसली? आई, माझा दाखला?"

शिलाईवालीने हातातल्या कागदाकडे पाहिलं. घामाने आणि वारा घेऊन घेऊन तो मऊ पडला होता. दोन मात्रा मात्र होत्या तिथेच होत्या, पक्क्या टिपेच्या.

"नाही," ती म्हणाली. "तुझा नाही."

मुलगी काहीच बोलली नाही. कागदोपत्री तिने बोलणं अपेक्षितही नव्हतं.

तेव्हा कुठे शिलाईवालीला मागे वळून बघावंसं वाटलं. रीस्टार्ट सुचवणारा, दिसत नाही म्हणून सरकायला लावणारा, 'तुमचं काय, नंतरही होईल' म्हणणारा आवाज कुणाचा होता, ते तिला एकदा बघायचं होतं. मास्तर गेले होते. टेम्पोवाला पंखा जागेवर न ठेवताच गेला होता. ती वळली.

मागे तुम्ही उभे होतात. हातात ही गोष्ट होती आणि चेहऱ्यावर मघाचं हसू थोडं उरलं होतं. तुम्ही तिला जायला वाट दिलीत आणि अगदी मनापासून विचारलंत, "मावशी, शेवटी त्या दंतवैद्याचे गुण किती राहिले हो?"